उघडीप मिळाली की गाडी उघडा

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



या वर्षातल्या भाषणांत कुणी गुडघ्यांवर बोललं, कुणी मृत्युपत्रावर. माझ्या वाट्याला विषय आला आहे गाडीच्या चामड्याच्या सीटचा. सूचनाफलकावर विषय वाचून दोघातिघांनी मला जिन्यातच गाठलं आणि विचारलं, "साहेब, रिटायर झाल्यावर गॅरेज काढलंत की काय?" तसं काही नाही. पण गेल्या गणपतीत बंद गाड्यांची दारं उघडली तेव्हा पार्किंगमध्ये जो कुबट वास सुटला, तो तुम्हा सर्वांना आठवत असेल. काळ्या सीटवर पांढरी बुरशी आणि बेज सीटवर हिरवी-काळी. त्यावर काय करायचं हे ज्याने त्याने आपापल्या मनाने ठरवलं आणि बऱ्याच ठिकाणी रोगापेक्षा इलाज भयंकर ठरला. म्हणून आज हा विषय.

आपली सोसायटी झाली तेव्हा पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग पुरता खुला झालेला नव्हता. तो झाला २००२ साली. तेव्हा आपल्या पार्किंगमध्ये मारुती ८००, एखादी प्रीमियर पद्मिनी आणि स्कूटरी असायच्या. सीट कापडाची, नाहीतर रेक्झिनची. रेक्झिन हे मुळात इंग्लंडमधल्या एका कंपनीचं नाव. डालड्यासारखं तेही वस्तूचंच नाव होऊन बसलं. ओलं फडकं मारलं की काम संपलं. आज चित्र वेगळं आहे. आपल्या तालुक्यात तळेगावला २००८ साली जनरल मोटर्सचा कारखाना सुरू झाला, आता तो ह्युंदाईकडे आहे. शेजारी चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीज. गाड्या आपल्या उंबऱ्याशी तयार होतात, आणि आपल्या पार्किंगमध्येही चामड्याच्या सीटच्या आठ-दहा गाड्या सहज निघतील. पण त्या गाडीबरोबर येणारी पुस्तिका लोणावळ्याचा पाऊस डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली नसते.

मुद्दा तिथेच आहे. परदेशात चामड्याची काळजी म्हणजे ते कोरडं पडू नये याची काळजी. हिवाळ्यात हीटर, उन्हाळ्यात कडक ऊन; चामडं सुकतं आणि तडकतं, म्हणून कंडिशनर लावा, असा त्यांचा सल्ला. त्यांच्यापुरता तो बरोबर आहे. आपल्याकडे पुणे शहरात वर्षाला सरासरी सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि इथे घाटमाथ्यावर चार हजारांच्या वर. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता दिवस-दिवस नव्वद टक्क्यांच्या खाली येत नाही. जिथे डबा उघडल्यावर तासाभरात चिक्की सादळते, तिथे चामडं कोरडं पडेल ही भीती पावसाळ्यात तरी बाळगायचं कारण नाही. इथे चामडं मरतं ते ओलीने आणि कोंडल्याने. माझं सगळं भाषण या एका वाक्यात आहे. ज्यांना घरी कुकर लावायचा आहे त्यांनी एवढं ऐकून गेलं तरी चालेल.

आता चामडं म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. मराठीत एक सुंदर क्रियापद आहे, 'कमावणं'. पैसा कमावतात, शरीर कमावतात, गवई आवाज कमावतो आणि कातडं कमावतात. जनावराचं कच्चं कातडं तसंच ठेवलं तर ओलं असताना कुजतं आणि वाळलं की लाकडासारखं कडक होतं. तबला-पखवाजाच्या तोंडावर असतं ते असं न कमावलेलं कातडं. म्हणून पावसाळ्यात आपल्या भजनी मंडळाचा पखवाज दर अभंगाला ठोकून सुरात आणावा लागतो. कातडं हवेतली ओल पितं आणि सैल पडतं.

हेच कातडं झाडांच्या साली-फळांच्या तुरट अर्कात मुरवलं की त्यातले तंतू टिकाऊ होतात. त्याला म्हणायचं कमावणं. फार उकळलेला चहा जिभेला जो तुरटपणा देतो, तोच गुण इथे कामाला येतो. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. हिरडा तर आपल्या सह्याद्रीतलाच. भीमाशंकर, आंबेगाव, जुन्नरच्या डोंगरातले आदिवासी बांधव आजही तो गोळा करतात. त्या कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटक दोघांना मिळून.

गाडीच्या सीटचं चामडं मात्र बहुतेक वेळा या पद्धतीचं नसतं. १८८४ साली अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ याने क्रोमियमच्या क्षारांनी कातडं कमावण्याचं पेटंट घेतलं. साली-फळांनी जे काम व्हायला आठवडे लागायचे ते त्यामुळे पुढे दिवसांवर आलं. सीटचं चामडं अशा क्रोमने किंवा दुसऱ्या आधुनिक रसायनांनी कमावतात. मग त्यावर रंगाचा आणि त्यावर पारदर्शक प्लॅस्टिकसारखा पातळ थर चढवतात. आपण सीटवर हात फिरवतो तो खरं तर या थरावर. हे लक्षात ठेवा, कारण साफसफाईचे पुढचे सगळे नियम यातूनच निघतात.

पहिलं काम म्हणजे आपली सीट कशाची आहे ते ओळखणं. गाडी घेताना सेल्समन 'लेदर' म्हणतो, छापील कागदावर 'लेदरेट' असतं. लेदरेट म्हणजे नकली चामडं, आपल्या रेक्झिनचं नातवंड. त्यात वाईट काही नाही. चामडं नको म्हणणारी कुटुंबं आपल्याकडे आहेत आणि ती मुद्दाम तेच घेतात. पण पैसे कशाचे दिले ते माहीत असावं. बऱ्याच गाड्यांत बसायच्या आणि टेकायच्या भागापुरतंच खरं चामडं असतं; बाजूला आणि पाठीमागे लेदरेट. कागदपत्र वाचा. सही करण्यापूर्वी कागद वाचा, हे सांगण्यात माझी सदतीस वर्षं गेली, तेव्हा इथेही सांगतो.

घरच्या घरी एक परीक्षा करता येते. सीटच्या खालच्या, न दिसणाऱ्या भागावर पाण्याचा एक थेंब टाका आणि मिनिटभर थांबा. थेंब मोत्यासारखा वरच राहिला तर वर थर आहे. चामडं असो वा लेदरेट, पुसणं सोपं. थेंब आत शोषला आणि तिथे गडद डाग दिसला, तर ते उघडं चामडं. ते हाताला मऊ लागतं, महाग असतं आणि आपल्या हवेत फार नाजूक. अशी गाडी असेल तर बुरशी किंवा डागाला स्वतः हात न लावता माहितगाराकडे न्या.

लेदरेटचं आणखी एक सांगायला हवं. काही लेदरेटवरचा पॉलियुरेथेनचा थर दमट हवेतल्या पाण्यामुळे हळूहळू विरतो आणि पापुद्रे सुटायला लागतात. तुमच्या कपाटातलं न वापरलेलं जाकीट किंवा हॉलमधला सोफा असा सोलला गेला असेल. त्यावर कुठलंही क्रीम चालत नाही. दुकानदार कितीही सांगो, गेलेला थर परत येत नाही. पैसे घालवू नका.

आता साफसफाई. क्रम सोपा आहे. आधी व्हॅक्यूम क्लीनरला मऊ ब्रश लावून किंवा नुसत्या मऊ ब्रशने शिवणीतली, फटीतली धूळ काढा. धूळ तशीच ठेवून ओलं फडकं फिरवलं तर ती पॉलिश पेपरसारखी घासते. मग मऊ मायक्रोफायबरचं फडकं पाण्यात बुडवून घट्ट पिळून घ्या. ओलसर हवं, ओलं नको. हलक्या हाताने पुसा. मळ राहिलाच तर चामड्यासाठीच मिळणारा क्लीनर फडक्यावर घ्या, सीटवर फवारू नका. सीटला हवेची बारीक भोकं असतील तर द्रव त्यातून आत जातो, आणि आत पंखे, वायरी, कुणी बसलंय की नाही हे ओळखणारे सेन्सर असतात. शेवटी कोरड्या फडक्याने पुसून सावलीत, दारं उघडी ठेवून वाळू द्या. हेअर ड्रायर नको, ऊनही नको.

भांड्यांचा साबण, कपड्यांची पावडर, शाम्पू, फिनाईल, बेकिंग सोडा ही मंडळी गाडीपासून लांब ठेवा. कमावलेलं चामडं स्वभावाने किंचित आम्लधर्मी असतं आणि साबण अल्कलीधर्मी. रोज-रोज साबण लागला की वरचा थर निस्तेज होतो आणि आतले तंतू ताठरतात. घोड्याच्या खोगिराचा साबण बाजारात मिळतो. तो खोगिराला ठीक, सीटला नाही.

डाग पडतात ते आपल्या भागात ठरलेले. भुशी डॅमवर भिजून आलेले पाहुणे तसेच सीटवर बसतात. टायगर पॉइंटवरचा लिंबू-मीठ चोळलेला भुट्टा गाडीतच खाल्ला जातो. चिक्कीचा गूळ, वडापावचं तेल, नव्या जीन्सचा निळा रंग. यावर उपाय डाग काढण्यात नाही, तो पडू न देण्यात आहे. डिकीत दोन जुने टॉवेल ठेवा आणि पाहुण्यांना न लाजता म्हणा, "बाळा, आधी टॉवेल अंथर." काही सांडलंच तर टिपून घ्या, चोळू नका. जीन्सचा रंग महिनाभर राहिला की थरात उतरतो, तो लगेच पुसा.

आता कंडिशनर. यावर सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. ज्या सीटवर थर आहे तिच्यात तेल फारसं मुरत नाही. ते वर राहतं, चिकट होतं, धूळ धरतं. त्यात आपल्याकडे खोबरेल, ऑलिव्ह, तिळाचं तेल लावायची हौस. तेल म्हणजे बुरशीला वाढलेलं ताट, आणि पावसाळा म्हणजे तिचा श्रावण-भाद्रपद. सगळे सण एकदम. म्हणून माझा हिशोब असा: वर्षातून दोनदा कंडिशनर पुरे. एकदा दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर, आणि एकदा मार्च-एप्रिलमध्ये, उन्हाच्या आधी. मे संपल्यावर ते नवरात्रापर्यंत बाटली कपाटात. लावताना वाटाण्याएवढं फडक्यावर घ्या, पातळ पसरवा, पंधरा-वीस मिनिटांनी कोरड्या फडक्याने जादा काढून टाका. हाताला चिकट लागलं तर जास्त झालं असं समजा. चकाकणारी सीट म्हणजे निरोगी सीट नव्हे. चांगल्या चामड्याला मंद चमक असते.

बुरशी आलीच तर काय करायचं? बुरशीच्या पांढऱ्या पावडरीत तिचं बी असतं. बंद गाडीत ती झटकली तर सीटवरून छतावर, एसीच्या जाळीत आणि आपल्या छातीत जाते. दमा असणाऱ्यांनी, लहान मुलांनी आणि आम्हा म्हाताऱ्यांनी तिथे उभंही राहू नये. गाडी मोकळ्या जागी आणा, चारही दारं उघडा, तोंडावर चांगला मास्क, हातात मोजे. मऊ ब्रशने बुरशी बाहेरच्या बाजूला काढा. व्हॅक्यूम वापरलात तर त्याची पिशवी लगेच टाकून द्या. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं करून, आधी न दिसणाऱ्या जागी करून बघा. रंग उतरला नाही तर त्याने ओलसर केलेल्या फडक्याने पुसा. हे काम करताना जवळ विडी-सिगारेट नको. ते पेट घेतं. नंतर पूर्ण वाळू द्या. सीटखालचे गालिचे आणि पायपुसणी तपासा, कारण ओलीचं मूळ बहुतेक वेळा तिथे असतं. एसीचं केबिन फिल्टर बदला. हे सगळं केलं आणि गाडी पुन्हा महिनाभर बंद ठेवली, तर बुरशी पुन्हा येणारच. आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर आणि हवा हलत नाही, एवढं तिला पुरतं.

इथे एक गोष्ट सांगतो. आपल्याच भागातल्या एका सोसायटीत घडलेली. नाव घेत नाही. एका गृहस्थांची गाडी जूनपासून सप्टेंबरपर्यंत आच्छादन घालून बंद होती. गणपतीला ते आले, सीटवर बुरशी पाहिली आणि गाड्या धुणाऱ्या मुलाला म्हणाले, "चकाचक करून ठेव." काय वापरायचं ते सांगितलं नाही, दिलंही नाही. मुलगा जवळच्या गावातला, विशीतला. त्याने त्याच्या परीने भांड्याचा साबण घेतला, ब्रश घेतला, उघड्या हातांनी, तोंडाला काही न बांधता, दोन तास ती सीट घासली. सीट निघाली पांढरट, रंगाचे चट्टे पडलेली. गृहस्थांनी त्याचे दोन महिन्यांचे पैसे अडवले. मुलाला आठवडाभर खोकला होता, ते कुणी हिशोबात धरलं नाही.

मी ती सीट पाहिली आहे. शिवणीच्या कडेने चामडं फुगलेलं होतं, धागा कुजलेला होता. दोन तासांच्या साबणाने धागा कुजत नाही. ते नुकसान चार महिन्यांच्या कोंडमाऱ्याचं होतं. साबणाने फक्त ते उघडं पाडलं. बँकेत आम्ही बुडीत कर्ज म्हणायचो, ते कधी एका दिवसात बुडायचं नाही. पहिला हप्ता चुकतो तेव्हा कुणी विचारत नाही, आणि खातं बुडालं की शेवटी ज्याच्या टेबलावर फाईल असते त्याला धरतात. इथेही फाईल त्या मुलाच्या हातात होती, एवढाच त्याचा गुन्हा.

माझ्या पिढीने विहिरीवरच्या शेवटच्या मोटा पाहिल्या आहेत. तरुणांना सांगतो, मोट म्हणजे बैलांनी ओढायची चामड्याची मोठी पखाल, तळाशी सोंड असलेली. दिवसातून शेकडो वेळा ती पाण्यात बुडायची. तरी ती वर्षानुवर्षं टिकायची, कारण काम संपलं की निथळून उघड्यावर वाळायची, आणि कुठे उसवली तर गावचा चर्मकार ती वेळच्या वेळी शिवून द्यायचा. पाणी हे चामड्याचं वैर नाही. पाणी लागल्यावर वारा न मिळणं, हे वैर आहे. आणि ज्याच्या हाताला ते काम कळतं त्याला गावात धान्याचा वाटा होता. आपल्याकडे आज हात आहेत. माहिती, साधनं आणि मोबदला द्यायचा आपण विसरतो.

म्हणून शेवटी दोन सूचना करतो. एक प्रत्येक सभासदासाठी आणि एक कमिटीसाठी.

सभासदांनी पावसाळ्यात एवढंच करावं. पावसाने उघडीप दिली की गाडी उघडावी. चारही दारं, अर्धा तास. आठवड्यातून एकदा गाडी फिरवून आणावी, एसी चालू ठेवून. एसी हवेतली ओल काढून घेतो. ओली छत्री, ओले बूट, ओली पायपुसणी गाडीत ठेवू नयेत. हवा न जाणारं प्लॅस्टिकचं आच्छादन घालू नये. ओल शोषणाऱ्या डब्या ठेवायच्या तर सीटवर नको, खाली ट्रेमध्ये. त्यात साचणारं खारं पाणी चामड्यावर सांडलं तर बुरशी परवडली. सीटमध्ये बाजूची एअरबॅग असेल तर वाटेल ते कव्हर चढवू नका, ती उघडायला जागा राहत नाही. आणि हेच सगळं तुमच्या बुटांना, पट्ट्यांना, पर्सना लागू आहे. कपाटात कोंबू नका, बाहेर टांगा.

कमिटीसाठी सूचना अशी. आपल्या निम्म्या सदनिकांचे मालक मुंबई-पुण्याला असतात. जून ते सप्टेंबर त्यांच्या गाड्या कोंडलेल्या असतात. ज्यांची इच्छा असेल त्यांनी चावी सोसायटीच्या कार्यालयात द्यावी. चावी देता-घेता रजिस्टरवर सही. यात मी कुणाचंही ऐकणार नाही. उघडीप असलेल्या दिवशी दोन सुरक्षारक्षकांसमोर गाडी अर्धा तास उघडी ठेवायची, आतलं काही हलवायचं नाही. आणि गाड्या धुणाऱ्या मुलांना आतली सफाई हे वेगळं काम मानून वेगळे पैसे द्यायचे. मऊ ब्रश, फडकी, क्लीनर, मास्क आणि मोजे सोसायटीने आणून द्यायचे. बुरशीचं काम मालकाने लेखी सांगितल्याशिवाय करायला लावायचं नाही. सीट खराब झाली तर आधी ती किती दिवस बंद होती ते विचारायचं, मग मुलाकडे बोट दाखवायचं.

त्या मुलांना दाखवून द्यायला मी तयार आहे. येत्या रविवारी पाऊस थांबला की पार्किंगमध्ये या, माझी गाडी तिथे उघडी असेल.